दीडपट वेगानं पाहिलेली मालिका

«माझा धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आला तेव्हा 'हाइबाने रेन्मेई' नावाची जपानी अ‍ॅनिमे मालिका 'दादा, ही बघच' म्हणून माझ्या मागे लागला. मला अ‍ॅनिमेचं वावडं नाही. मारामारीच्या, डोकं चालवायला लावणाऱ्या दोन-तीन मालिका मी रात्र जागून संपवल्यात. पण हिच्यात काही घडतच नाही. पंखवाल्या मुली पाव भाजतात, घड्याळ दुरुस्त करतात, पुस्तकं लावतात. चौथ्या भागापासून मी वेग दीडपट केला. सहाव्या भागात एक छोटी मुलगी निघून जाते. भाऊ म्हणे तिथं रडला होता. मला काहीच वाटलं नाही. तसं त्याला सांगितलं तर 'तू पाहिलीच नाहीस' म्हणाला आणि विषय बंद केला. (बाबा गेल्यापासून तो तसाही गप्पच असतो.) मग नेटवर वाचलं की ही मालिका आत्महत्या केलेल्यांबद्दल आहे. आता दोन प्रश्न. माझ्यातच काही कमी आहे, की लोकांनी ती उगाच डोक्यावर घेतली आहे? आणि वीस वर्षांच्या मुलाला असलं काही का आवडावं? मी काळजी करू का?

ता. क. उरलेले सात भाग बघू की सोडून देऊ? बघायचे तर इंग्रजी डब की जपानी?

— कंटाळलेला दादा, नाशिक»

प्रिय दादा,

आधी हिशेब करू. या मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. दीडपट वेगानं तो १६ मिनिटांत उरकतो. चौथा, पाचवा, सहावा मिळून तुमची २४ मिनिटं वाचली, म्हणजे अख्खा एक भाग. 'तू पाहिलीच नाहीस' हे तुमचा भाऊ रागानं म्हणाला असेल, पण अगदीच निराधार बोलला नाही. तुमच्यात काही कमी नाही. त्या वाचलेल्या २४ मिनिटांत काय होतं, ते मात्र सांगायला हवं.

इतर वाचकांसाठी थोडी ओळख. 'हाइबाने रेन्मेई' २००२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात जपानच्या फुजी टीव्हीवर आली. १३ भाग, बस्स. तिचा कर्ता योशितोशी आबे मुळात चित्रकार. १९९८ च्या 'सीरियल एक्स्परिमेंट्स लेन'ची पात्रं त्यानंच रेखाटलेली. हाइबानेंची गोष्ट त्यानं आधी स्वतः छापलेल्या छोट्या चित्रपुस्तिकांमधून सांगायला घेतली आणि पुढे मालिकेचं लेखनही स्वतःच केलं. दिग्दर्शन तोमोकाझू तोकोरोचं, संगीत को ओतानीचं.

ग्ली नावाचं एक शहर आहे. भोवती उंच तट. तटाला हातसुद्धा लावायचा नाही. शहरात साधी माणसं राहतात आणि वस्तीच्या जरा बाहेर, पण तटाच्या आतच, 'ओल्ड होम' नावाच्या पडक्या, शाळेसारख्या इमारतीत हाइबाने राहतात. पाठीवर राखाडी पंख, डोक्यावर तेजाचं कडं, पण उडता येत नाही. ही मुलं-मुली मोठाल्या कोशांतून बाहेर येतात ती चालती-बोलतीच. आधीच्या आयुष्यातलं काही आठवत नाही. कोशात पडलेलं एक स्वप्न तेवढं लक्षात असतं, त्यावरून नाव ठेवायचं. उंचावरून कोसळण्याचं स्वप्न पडलेली राक्का (जपानीत 'कोसळणं') ही आपली नायिका. हाइबानेंनी पैशाला हात लावायचा नाही, नवं काही घ्यायचं नाही, दुसऱ्यानं वापरून झालेलंच वापरायचं आणि काहीतरी काम करत राहायचं. नियम सांगितले जातात. ते का आहेत, हे कुणी सांगत नाही.

आता तुमची मुख्य तक्रार. काही घडत नाही.

पहिला भाग तुम्ही सरळ वेगानं पाहिलात, म्हणून तोच आठवून बघा. राक्काला पंख फुटतात ती रात्र. अंगात ताप, पाठीची कातडी फाटते, भिंतीवर रक्त उडतं, आणि तिच्याहून थोडी मोठी रेकी रात्रभर बसून एकेक पीस ओलं करून त्यातलं रक्त पुसत राहते. देवदूतासारखे पंख म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं काहीही तिथं नाही. एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत असावी तशी धांदल आणि तसाच वास आहे. आणि त्याच भागात ते कडं डोक्यावर टिकत नाही म्हणून तारेनं बांधून ठेवतात! रक्त आणि तार, दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी. मालिकेनं आपली चाल तिथंच सांगून टाकली आहे. जे भयंकर आहे तेही घरकामासारखं होतं, आणि जे दिव्य आहे त्यालाही डागडुजी लागते.

मग येतात तिसरा, चौथा, पाचवा. राक्काला काम शोधायचंय, म्हणून ती रोज एकीच्या मागे जाते. हिकारी बेकरीत. (कड्याचा साचा तिनं बेकरीत कशासाठी वापरला होता, ते तुम्हाला आठवत असेल अशी आशा आहे. नसेल तर वेग वाढवायच्या आधीच लक्ष उडालं होतं.) काना घड्याळाच्या मनोऱ्यात, तेलकट हातांनी. नेमू ग्रंथालयात, कायम पेंगुळलेली, पण तिथली एक सहकारी बाळंतपणासाठी काम सोडून जाणार म्हणून तिच्यासाठी जगाच्या आरंभाची गोष्ट लिहून पुस्तक करणारी. यातल्या कुठल्याही प्रसंगानं कथा 'पुढे सरकत' नाही हे खरं आहे. पण शेजारचे काका वारले की आपल्याला जे लागतं, ते त्यांनी कधी काळी केलेल्या मोठ्या कामासाठी लागत नाही. रोज सकाळी जिन्यात 'पाणी आलं का?' एवढंच विचारणारा आवाज बंद होतो, म्हणून लागतं. त्या 'पाणी आलं का'चे तीन भाग आहेत हे. तुम्ही त्यातले दोन पळवलेत आणि मग सहाव्या भागात जाऊन म्हणालात, मला काही वाटलं नाही.

कूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भावाचं आणि तुमचं बिनसलं ते तिच्यावरून.

मोठ्यांमध्ये कू दिसायला सगळ्यांत लहान, पण राक्काच्या आधी आलेली, म्हणून राक्कापुढे मोठेपणानं वागायची तिला कोण हौस. राक्का आल्यामुळे ती पहिल्यांदाच कुणाची तरी ताई झालेली आहे. कॅफेत काम करते, सगळ्यांची नक्कल करते. सहाव्या भागात ती राक्काला सांगते की आपल्या आत एक पेला आहे, त्यात रोज थेंब थेंब पडत होता आणि आता तो भरत आलाय. राक्काला ते कळत नाही. तुम्हालाही कळलं नाही, आणि कळू नये अशीच रचना आहे. संवाद संपल्यावर कॅमेरा जरा रेंगाळतो. कू फार शांत दिसते. त्या काही क्षणांत बघणाऱ्याच्या पोटात बारीकशी कालवाकालव सुरू व्हावी, एवढंच अपेक्षित आहे. मग पाऊस. मग रानाच्या दिशेनं आभाळात चढणारा प्रकाश. मुली अंधारात पळतात आणि हाती लागतं ते कूचं विझलेलं कडं. निरोप नाही, भाषण नाही. हाइबाने एक दिवस अशीच जातात, कधी ते आधी सांगता येत नाही, हे इतर मुलींना माहीत होतं. राक्काला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

दीडपट वेगात संवाद वाचता येतात, मान्य. तुमच्या हाती जे लागलं ती माहिती बरोबर आहे: छोटी मुलगी निघून गेली. पण तो रेंगाळलेला कॅमेरा, पावसाचा आवाज, पळताना लागलेली धाप हे सगळं वेळातच राहतं, आणि वेळ कापला की पहिला बळी त्याचाच जातो. ओतानीचं संगीतही तसंच आहे. शीर्षकाच्या सुरावटीला शब्द नाहीत. देवळात गेलं की हाइबानेंनी बोलायचं नाही, पंखांना बांधलेल्या घंटा हलवून हो-नाही सांगायचं. घंटा वाजली आणि पुढे काही क्षण काहीच झालं नाही, हाच तिथला संवाद आहे. त्याला वेग देऊन काय मिळणार?

मालिका निर्दोष आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. चित्रं सगळीकडे सारखी नाहीत. पार्श्वभूमीच्या भिंती, गवत, जुने जिने देखणे आहेत, पण मधल्या काही भागांत चेहरे चक्क कच्चे वाटतात. ओल्ड होममधल्या पिल्लांची, म्हणजे लहान हाइबानेंची, आरडाओरड मला दोन प्रसंगांनंतर पुरे होते. घड्याळाच्या मनोऱ्याचा भाग थोडा आखूड चालला असता. आणि काही लोक सगळं नीट, सरळ वेगानं पाहूनही म्हणतात की नाही बुवा जमलं. त्यांच्यावर मी संशय घेत नाही. संथ गोष्ट आवडली म्हणजे माणूस खोल, असलं काही नसतं. मठ्ठपणे संथ असलेल्या मालिका मी अर्ध्यात सोडल्या आहेत आणि त्याचं मला काही वाटत नाही. फरक ओळखायची माझी एक साधी रीत आहे: वेळ जातोय तो कुणासाठी जातोय ते बघायचं. इथं तो रेकीसाठी जातो.

तुम्ही थांबलात ते नेमकं दारात. सातव्या भागापासून मालिका वेगळीच होते. शेवट फोडणार नाही, पण काळोख कसला आहे ते सांगायलाच हवं, कारण तुमचा दुसरा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे.

कू गेल्यावर राक्का खचते. इतर मुली दुःखी होतात आणि हळूहळू कामाला लागतात. राक्काला ते जमत नाही. तिच्या पंखांवर काळे डाग पडायला लागतात. पहिल्यांदा ती काय करते? कात्री घेऊन काळी पिसं कापते. कुणाला दिसू नये म्हणून. नैराश्यात माणूस कसा वागतो हे पडद्यावर पुष्कळांनी दाखवलंय: रडणं, ओरडणं, काच फोडणं. पिसं कापून पुन्हा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसणं फार थोड्यांनी दाखवलं असेल. तिला 'काय झालं' विचारलं की ती 'काही नाही' म्हणते. आपल्याकडच्या कुठल्याही घरातला संवाद आहे हा.

आणि तिला मदत करायला येते ती रेकी. रेकीकडे पंखांचा काळेपणा झाकण्याचं औषध तयार असतं. का असतं, हे तुमच्या लक्षात येईल तेव्हा पहिल्या भागातली रात्रभर पिसं पुसणारी रेकी पुन्हा आठवेल. पोरांना सांभाळणारी, सिगरेट ओढत स्कूटरवरून फिरणारी, सगळ्यांसाठी स्वयंपाक करणारी, हसतमुख रेकी. तिची एक बंद खोली आहे. तिला सांभाळणारी कुरामोरी एक दिवस अशीच निघून गेली होती, आणि रेकीनं त्याचा अर्थ 'मला टाकून गेली' असा लावला. तो अर्थ तिनं वर्षानुवर्षं कुणाला न सांगता जपलाय. सहा भाग आपण तिला बघत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. हे जमावं म्हणून तर ते सहा भाग होते. रेकीचं दुःख पहिल्याच भागात दाखवलं असतं तर ती आपल्यासाठी 'दुःखी पात्र' होऊन बसली असती. आता ती आधी रेकी आहे, मग दुःखी आहे.

मधे एक कोडं येतं. हाइबानेंचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा एक मुखवटाधारी वृद्ध आहे, तो राक्काला घालतो. आशय असा: जो आपलं पाप ओळखतो त्याच्याकडे पाप नाही, तर मग तू पापी आहेस का? हो म्हणावं तर पाप ओळखलं, म्हणजे सुटलो. सुटलो असं वाटलं की पुन्हा अडकलो. गोल गोल. एकटं बसून विचार केला तर हे कोडं कधीच सुटत नाही. वर्तुळातून बाहेर यायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि त्या दुसऱ्याला हाक मारावी लागते. उरलेली सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी आहे: मदत करण्यात वाकबगार असलेल्या माणसाला मदत मागता येते का?

तुम्ही नेटवर वाचलंत त्याबद्दल. मालिकेत 'आत्महत्या' असं कुणी म्हणत नाही. हाइबाने कोण आहेत, तटापलीकडे काय आहे, कू कुठे गेली, यांपैकी कशाचंही उत्तर दिलेलं नाही. रेकीच्या बाबतीत शेवटी शंका फारशी उरत नाही. राक्काच्या स्वप्नावरून लोक तर्क करतात, आणि तो तर्क वाजवी आहे. पण सगळे हाइबाने तसेच, असं म्हणायला आधार नाही. कूकडे किंवा त्या चिल्ल्यापिल्ल्यांकडे बघून तर मुळीच म्हणवत नाही. त्यामुळे एका ओळीत 'ही अमक्यांबद्दल आहे' असं सांगणारे लेख आणि 'शेवटाचा अर्थ' समजावणारे व्हिडिओ तेरावा भाग होईपर्यंत बंद ठेवा. तटापलीकडचा नकाशा मिळाला तर तुम्ही नकाशाच बघत बसाल.

आणि एक महत्त्वाचं. मरणाला सुंदर करून दाखवणाऱ्या गोष्टी असतात, मला त्यांची चीड आहे. ही त्यातली नाही. इथं सारा जोर राहिलेल्यांवर आहे: जो राहिला त्यानं काय करायचं, कुणाजवळ बसायचं, कुणाला बोलवायचं. वीस वर्षांच्या मुलाला ही मालिका आवडते म्हणून घाबरून जायचं काही कारण नाही. काळोख्या गोष्टी माणसं पुष्कळ कारणांनी बघतात आणि त्यातली बरीचशी निरोगी असतात.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे.

बाबा गेल्यापासून तो गप्प असतो, हे तुम्ही अ‍ॅनिमेच्या पत्रात सहज जाता जाता लिहिलंत. वडील कसे गेले, किती दिवस झाले, तुमचं स्वतःचं काय चाललंय, काही लिहिलं नाहीत. माझ्याकडून त्याचा अर्थ लावणं आगाऊपणाचं होईल. तुमच्या भावाला कूचा भाग कशामुळे भिडला ते त्यालाच माहीत. कदाचित संगीतामुळे. कदाचित वर्गातल्या कुठल्या मुलीमुळे. तरी एवढं दिसतं की घरातलं माणूस न सांगता निघून जातं आणि उरलेल्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, अशी एक गोष्ट त्यानं शोधून काढली, आणि ती जगातल्या इतक्या माणसांमधून तुम्हाला दाखवली. आईला नाही, मित्राला नाही. 'दादा, ही बघच.' तुम्ही म्हणालात, काही घडत नाही.

मी टोमणा मारत नाहीये. तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण आता त्याला फोन करायचा तो 'तुला असलं का आवडतं?' असं विचारायला करू नका. तो प्रश्न कितीही मायेनं विचारला तरी चौकशीसारखा येतो, आणि पोरगं 'असंच' म्हणून मोकळं होतं. आईच्या कानावर 'हा काय काय बघतो' घालू नका. ते घरी सगळ्यांसमोर निघेल आणि पुढची मालिका तो तुम्हाला सुचवणार नाही. 'मी सहावा पुन्हा बघतोय, सावकाश' एवढा मेसेज पुरे. पाहून झाल्यावर त्याला पात्रांबद्दल विचारा. रेकी इतकी वर्षं कुणाशी काही का बोलली नाही? राक्कानं नेमूला सांगायला काय हरकत होती? पात्रांच्या आडून बोलता येतं, ही काही जपान्यांनी लावलेली युक्ती नाही. आपल्याकडे बायका जात्यावर सीतेच्या नावानं स्वतःचं गाऱ्हाणं गात आल्या आहेत.

गप्प राहणं आणि खंगत जाणं यांत फरक असतो, तो मात्र बघा. झोप उडालीय का, जेवण सुटलंय का, कॉलेज बुडतंय का, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय का, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' अशा सुरात बोलतो का. यातलं काही दिसलं तर आडवळण सोडून सरळ विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?' असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती पुष्कळांना असते. ती खरी नाही. उलट विचारलं की माणूस बहुतेकदा मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकट्याला ठेवू नका, पुण्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे बरोबर जा. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथं त्यानं स्वतः बोलायला हवं असं नाही, 'भावाशी कसं बोलू' हे विचारायला तुम्हीही फोन करू शकता. तुमच्या स्वतःसाठीसुद्धा. वडील तुमचेही गेलेत.

आता ता. क. चा हिशेब. सोडू नका, पण आज बसून सातही भाग संपवायचे असंही करू नका. पहिल्यापासून पुन्हा लावा असं मी सांगणार नाही. तुम्ही चिडाल आणि तिसऱ्या भागात पुन्हा वेग वाढवाल. पाचवा आणि सहावा तेवढे सरळ वेगानं पुन्हा घ्या. मग रोज एक, जास्तीत जास्त दोन. जेवता जेवता नको, कारण सबटायटल वाचायचीत आणि चेहरेही बघायचेत. आठवा आणि नववा लागोपाठ बघितलेले बरे, मधे थांबलात तर राक्काबरोबर तुम्हीही विहिरीत अडकून पडाल. बारावा आणि तेराव्यामध्ये मात्र एक रात्र जाऊ द्या. बाराव्यात वर्षअखेरचा सण आहे, त्या दिवशी लोक एकमेकांना घंटेसारखी वाजणारी रंगीत फळं देऊन जे तोंडानं बोलता येत नाही ते सांगतात. त्यानंतर लगेच शेवटचा लावलात तर सणाचं काही उरणार नाही. आणि तुमचंच मन सध्या ठिकाणावर नसेल, रात्री उठून बसत असाल, तर तेरावा एकट्यानं बघू नका. दिवाळीत भाऊ येईल तोवर थांबा, हा भाग तुमच्याबरोबर पाहायला मिळाला तर त्यालाही आवडेल.

डबपेक्षा जपानी आवाज ऐका, खाली सबटायटल. इंग्रजी डब काही टाकाऊ नाही, पण रेकीच्या आवाजातला तो 'मी ठीक आहे' म्हणतानाचा किंचित कोरडेपणा मला जपानीत जास्त ऐकू येतो. मालिका आवडलीच तर पुढे २००५ ची 'मुशिशी' बघा, तिचे भाग सुटे सुटे आहेत, मधे आठवडा गेला तरी चालतं. नाही आवडली तर भावाला तसं सांगा, कुठं आणि का नाही आवडली ते सांगा, आणि तुमच्या मारामारीच्या मालिकांपैकी एखादी त्याच्या गळ्यात मारा. त्यानं दीडपट वेगानं बघितली तर तक्रार करायची नाही.